पायलटचे वडील

ज्या माणसानं उभी हयात अकरावी-बारावीच्या पोरांना विद्युतचुंबकीय लहरी शिकवल्या, त्याच्या हाती ड्रोनचा रिमोट द्यावा की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं आणि दुसरं घराचं.

ड्रोन लेकीचं, सईचं. लग्नात हळूच वर जाऊन मांडवाचं छप्पर दाखवणारं ते सोज्वळ ड्रोन नव्हे, हे एफपीव्ही. गॉगल चढवायचा आणि ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून बघत झाडांच्या फांद्यांमधून सुसाट सुटायचं. बाहेरून तयार ड्रोन आणायला सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, सुट्या भागांना मात्र मोकळीक ठेवली. त्यामुळे सई सुटे भाग मागवते आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डर करत बसते. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो. २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन नियमात ‘नॅनो’ ठरतं आणि ते उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून ती एकेका ग्रॅमसाठी जीव टाकते. गोप्रो कॅमेऱ्याचं कवच, पडदा, बॅटरी सगळं उतरवून नुसता गाभा ड्रोनवर बसवते. त्याला ड्रोनवाल्या मंडळींत ‘नेकेड गोप्रो’ म्हणतात. सौ. हा शब्द घरात उच्चारू देत नाही. वजन होतं ते तिच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर, त्यामुळे ड्रोनला हल्ली किंचित बेसनाचा वास येतो.

एवढं करून यंत्र उभं राहिलं तरी ते मुकंच असतं. त्याचं दोघांशी सूत जुळवावं लागतं. एक हातातला रिमोट, दुसरा डोळ्यांवरचा गॉगल. आणि या दोन नात्यांचे स्वभाव अगदी उलटे. आमच्या साध्या ॲनालॉग गॉगलचं नातं सैल. ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चाळीस चॅनेल असतात. ड्रोन ज्या चॅनेलवर चित्र सोडतं ते गॉगलवर लावायचं, संपलं. तेच चॅनेल शेजाऱ्याच्या गॉगलनं लावलं तर त्यालाही दिसणार. ड्रोनची त्याला काही हरकत नसते. रिमोटशी असलेलं नातं मात्र एकनिष्ठ. दुसऱ्या कुठल्याही रिमोटनं कितीही हाका मारल्या तरी ड्रोन ढिम्म.

“यात शिकवण्यासारखं काय आहे? ट्यूनिंग. दोन्हीकडची वारंवारता सारखी केली की झालं,” मी बाह्या सरसावत म्हटलं होतं.

“बाबा, ते एका वारंवारतेवर थांबतच नाही.”

खरंच थांबत नाही. रिमोट आणि ड्रोनवरचा रिसीव्हर दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला कितीतरी उड्या मारतात, इथून तिथे, तिथून भलतीकडे. दोघांना उड्यांचा क्रम आधीच ठाऊक असतो म्हणून चुकामूक होत नाही. पेअरिंग म्हणजे हा क्रम एकमेकांना सांगून ठेवणं. माझं भौतिकशास्त्र गँग कंडेन्सरची खुंटी फिरवण्यापाशी थांबलेलं. पण बारावीच्या वर्गात उभं राहायची सवय असलेल्या माणसाला गप्प बसवणं सोपं नसतं. “तेच म्हणतोय मी,” असं म्हणून मी पुढे झालो.

सईच्या एक्स्प्रेस एलआरएस नावाच्या प्रणालीत हे काम दोन रीतींनी होतं. पहिली रीत मला मनापासून आवडते. ड्रोनला तीनदा वीज द्यायची, लाव-काढ, लाव-काढ, लाव. तिसऱ्यांदा रिसीव्हरचा इवलासा दिवा जोडीजोडीनं लुकलुकू लागला की रिमोटवर ‘बाइंड’ दाबायचं. आचमनासारखं तीनदा काही करायचं असलं की यंत्राबद्दल जरा आदर वाटतो. दुसरी रीत रुक्ष. रिमोटमध्ये आणि रिसीव्हरमध्ये एकच वाक्य भरून ठेवायचं, ‘बाइंडिंग फ्रेज’. वाक्य जुळलं की दोघं एकमेकांना ओळखतात. सई ही दुसरी रीत वापरते. तिचं वाक्य काय, असं विचारलं तर लॅपटॉप मिटते.

या सगळ्याआधी दोन पथ्यं पाळायची. टेबलावर काम असेल तर पंखे काढून ठेवायचे, कारण चुकून मोटर सुरू झाली तर बोटाची कोशिंबीर होते. आणि चित्र पाठवणाऱ्या व्हीटीएक्सला अँटेना लावल्याखेरीज वीज द्यायची नाही, जळतो. तिसरं पथ्य मला उशिरा कळलं. हा व्हीटीएक्स उडताना वाऱ्यानं गार राहतो. टेबलावर वारा कुठला? चालू करून नुसता ठेवला तर तापत जातो. तेव्हा ड्रोन चालू असताना वडिलांनी व्याख्यान देऊ नये.

आणि मला तर नेमके तेव्हाच तळपदे आठवतात. “बाबा, व्हीटीएक्स!” असं सई ओरडते आणि तळपदे दर वेळी चौपाटीवरच राहून जातात. वाचकहो, तुमच्याकडे तापणारं काही नाही, म्हणून इथे पूर्ण सांगून घेतो.

तर शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, या गृहस्थांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, ते पंधराशे फूट वर गेलं आणि खाली आलं, अशी कथा आहे. कथा म्हणतो, कारण पुरावा म्हणावा असं काही हाती लागत नाही. न्यायमूर्ती रानडे तिथे होते म्हणतात, बडोद्याचे सयाजीराव महाराज होते म्हणतात. माझे पणजोबा तर होतेच. त्या दिवशी ज्यांचे पणजोबा चौपाटीवर होते अशी इतकी माणसं मला आजवर भेटली आहेत, की ते सगळे खरोखर जमले असते तर विमान ठेवायलाही वाळू उरली नसती. या कथेला जोडून ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचं नाव घेतात, त्यातली विमानं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये कागदावर तपासली आणि ती उडणं शक्य नाही असा निर्वाळा दिला. भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणून मला तो मान्य आहे. पणतू म्हणून नाही.

पण माझा मुद्दा उडालं की नाही हा नाहीच. कथेनुसार त्या विमानात माणूस नव्हता. ठीक. मग ते चालवत कोण होतं? रेडिओलहरींनी दुरून चालणारी छोटी होडी निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना दाखवली ती १८९८ साली. म्हणजे चौपाटीवर वर पायलट नाही आणि खाली रिमोटही नाही. विमान आपल्या मर्जीनं वर गेलं, मन भरल्यावर खाली आलं. आज सईच्या ड्रोनचा रिमोटशी संबंध तुटला तर तेही असंच करतं, मोटरी बंद करून धाडकन खाली. या सोयीला ‘फेलसेफ’ म्हणतात. तेव्हा पहिलं विमान कुणाचं हा वाद चालायचा तेवढा चालू दे, जगातलं पहिलं पेअरिंग न झालेलं ड्रोन आपलं, मराठी माणसाचं, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. सौ.चं म्हणणं, हा मुद्दा मी तिला लग्न ठरवायच्या गप्पांतही सांगितला होता. शक्य नाही, तेव्हा ड्रोन कुठे होते? तेव्हा मी फक्त पणजोबा सांगितले असणार.

असो. रिमोट मिळत नाही म्हटल्यावर मी गॉगलकडे वळलो. सईचा जुना गॉगल कपाटात पडून होता. त्यात चष्मा मावत नाही, तो काढल्यावर मला चॅनेलचे आकडे दिसत नाहीत, आकडे बघायला चष्मा लावला तर गॉगल बसत नाही. शेवटी अंदाजानं बटण दाबत राहिलो. मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि एकदम चित्र. शेत, बांध, विहीर सगळं खालून पळत होतं. पोटात गोळा आला, पण त्याहून जास्त अभिमान वाटला की बघा, शेवटी लावलं. मग ड्रोन एका म्हाताऱ्यावर येऊन थांबलं. वरून त्याचं टक्कल पुरतं दिसत होतं, गुडघे वाकलेले, तोंड उघडं, उभा होता तोही भलत्याच दिशेला तोंड करून. हे कोण अजागळ मध्येच उभे राहिलेत, असं मी सईला विचारणार एवढ्यात त्याच्याही डोळ्यांवर गॉगल दिसला. मी हात वर केला. त्यानंही केला.

तेव्हापासून माझं गॉगलपद काढून घेण्यात आलं आणि मला स्पॉटर नेमलं. गॉगल चढवला की उडवणाऱ्याला स्वतःच्या पायाखालचं काही दिसत नाही. म्हणून शेजारी एक मोकळ्या डोळ्यांचा माणूस उभा करायचा. तारा, पाखरं, दुसरं ड्रोन दिसलं की त्यानं सांगायचं. बैलगाडा शर्यती पुन्हा रीतसर सुरू झाल्यापासून आमच्या जुन्नर-खेडच्या पट्ट्यात ड्रोनवाल्या पोरांना चांगली कामं मिळतात. शर्यतीच्या घाटावर एकेका गाड्याची बारी सुटते, निवेदक ‘भिर्रर्र’ म्हणून गळा फाडतो, आणि सई जनावरं बुजणार नाहीत एवढं अंतर राखून मागून ड्रोन सोडते. स्पॉटरनं आकाशाकडे बघायचं असतं. मी बहुतेक वेळ तिच्या पाठीमागे बघत असतो. आजूबाजूला हजारो पुरुष, गुलाल, शिट्ट्या, रेटारेटी, आणि मध्ये डोळे झाकलेली एक मुलगी निवांत उभी. तिचं लक्ष अर्धा किलोमीटर पुढे असतं, कुणाचा धक्का लागला तरी तिला कळतं ते धक्का लागल्यावर. मी कोपर काढून उभा असतो. लहरींबद्दल मी जे काही शिकवलं त्यातलं तिथे काही उपयोगाचं नसतं. कोपर असतं. एकदा मी तिला म्हटलं, गर्दीपासून लांब उभी राहत जा. ती म्हणाली, तुम्ही आहात ना. विषय संपला. मीही पुढे काही बोललो नाही, तळपद्यांबद्दलसुद्धा.

मागच्या हंगामात मात्र माझ्या विद्येला बोलावणं आलं. पहिलं ड्रोन बाभळीत अडकलं, दुसऱ्याचा रिसीव्हर नवा होता आणि त्यात वाक्य भरायचं राहिलं होतं. सई वाकून मोटर बदलत होती, बारी सुटायला आलेली. रिमोट सापडला नाही की हा रिसीव्हर थोडी वाट बघून स्वतःचं वायफाय सुरू करतो. मोबाइल त्याला जोडायचा, पान उघडतं, त्यात बाइंडिंग फ्रेज लिहायची. मी मोबाइल काढला.

“हं, सांग. काय लिहू?”

“बाबा हात लावू नका.”

“नाही लावत. मोबाइल माझा आहे. वाक्य सांग.”

“बाबा हात लावू नका!”

“अगं, लांब उभा आहे मी! पोरी, वेळ जातोय, वाक्य सांग!”

“तेच सांगतेय! बाबा हात लावू नका! सगळं जोडून, मध्ये जागा सोडू नका!”

आजूबाजूची चार-सहा माणसं वळून बघू लागली. मी ते वाक्य मुकाट्यानं, अक्षर अक्षर लावत लिहिलं. दिवा स्थिर झाला. इतके महिने सईची ड्रोनं या एका वाक्यावर तिच्या रिमोटचं ऐकत आली होती, आणि घरात ज्याच्यासाठी ते वाक्य होतं त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं.

ती बारी सुरेख चित्रित झाली. संध्याकाळी निवेदकानं ‘ड्रोन पायलट’चा सत्कार पुकारला. सई गॉगल गळ्यात अडकवून, दोन्ही हातांत रिमोट धरून माझ्या शेजारी उभी होती. आयोजक तिला वळसा घालून माझ्याकडे आले, शाल माझ्या खांद्यावर टाकली, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “सर, या वयात काय उडवता हो!” आता मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं हे मलाही कळतं. पण शाल चांगली होती, फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणत होता, आणि ‘या वयात’ सोडलं तर वाक्यही वाईट नव्हतं. मी इकडे बघितलं. सई हसत होती. गाडीत बसल्यावर हसत नव्हती. दर घाटावर हेच होतं, तिनं सांगितलं. पैशांची बोलणी माझ्याशी, चहा मला, ‘व्हिडिओ कधी देता सर’ हे मला. तिला कुणी काही विचारलंच तर एवढंच, की तू काय रील करतेस का. मला राग आला तो आधी त्यांचा, मग शालीचा.

म्हणून यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे छापून आणतो आहे. घाटावरच्या यात्रा कमिटीच्या मंडळींनो, गॉगल जिच्या गळ्यात असेल ती पायलट. बोलणी तिच्याशी करा, पैसे तिला द्या, नारळ तिला द्या. शाल माझ्याकडे आहे.