गळवाला (उपनगरी, नवशिका)

खाडीकाठी गळ टाकणाऱ्यांतली ही सर्वांत ताजी जात. आढळ: बोरिवलीची गोराई जेट्टी, मनोरीचा काठ आणि वर्सोव्याचा मढला जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का. मुलुंडकरांच्या दारातच ठाण्याची खाडी आहे. पण मध्ये खारफुटी, आणि 2015 पासून खाडीच्या मोठ्या भागावर फ्लेमिंगो अभयारण्य. म्हणून तिकडचा नमुना घाटकोपरला मेट्रो धरून वर्सोव्याला येतो. त्याची लांबट पिशवी तपासणी यंत्रातून गेली की सुरक्षारक्षक आत काय म्हणून विचारतो, आणि ‘फिशिंग रॉड’ हे उत्तर रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाते.

वय चाळिशीच्या आसपास, नोकरी बैठी, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले. उभे राहण्याचा व्यायाम त्याने स्वतः शोधलेला असतो.

सरंजाम मासा लागण्याच्या फार आधी पुरा होतो. रॉड, रीळ, तंगूस, शिसे, खिसेच खिसे असलेले जाकीट. गळ घेताना मात्र तो हमखास फसतो. 1 नंतर आकडा वाढत गेला की गळ लहान होत जातो. मोठ्या गळांच्या आकड्यापुढे शून्य जोडलेले असते. हे ठाऊक नसल्याने तो जिताड्यासाठी 12 नंबरचा गळ आणतो, ज्याने निवटीही हसेल. आमिष कोळंबीचे. ती रविवारच्या कालवणातून उचललेली असते, त्यामुळे मासा लागण्याआधी घरात भांडण लागते.

पण त्याचा खरा वैरी रविवारच. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. आठवड्यात हा फरक सहा तासांच्या घरात जातो. म्हणजे या रविवारी सकाळी 6 ला पूर्ण भरती असली, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी पूर्ण ओहोटी. पहिल्या खेपेला अष्टमी असते. पाणी पायाशी, आणि एक शिंगाळाही लागतो. (शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन विषारी काटे असतात, ही माहिती शिंगाळाच देतो.) पुढच्या रविवारी पौर्णिमा. उधाणाचे पाणी जितके चढते तितकेच आत ओढले जाते, आणि गडी भल्या पहाटे नजर पोहोचेल तिथवरच्या चिखलासमोर उभा राहतो. तरी तो गळ फेकतो. इतक्या लांब आल्यावर न फेकणे बरे दिसत नाही.

रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून येणारा म्हातारा कोळी त्या सकाळी फिरकतच नाही. चढत्या पाण्याबरोबर मासा चरायला काठाशी येतो, तेव्हाच तो येतो, आणि तांबोशी पिशवीत टाकून घरी जातो. नवशिका त्याला ‘मामा’ म्हणत शेजारी बसू लागला की खरे शिक्षण सुरू झाले समजावे. मामांचे गणित तोंडी असते: तिथीची पाऊणपट करावी, भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, अमावास्या-पौर्णिमेला 12 च्या सुमारास.

मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयला चांगले दिवस येतात. तो रोज तिथी पाहतो, चतुर्थीला अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. जावई देवाधर्माला लागला अशी सासूबाईंची समजूत होते. ती मोडण्याची घाई तो करत नाही. पावसाळ्यापूर्वी महापालिका 4.5 मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते. ती इतर लोक घरात थांबण्यासाठी वाचतात, हा बाहेर पडण्यासाठी.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना 61 दिवस मासेमारी बंद असते. बाजारात मासा महागतो आणि काठावर उभ्या माणसाची इमारतीत पत वाढते. एरवी न बोलणारे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भरतीची चौकशी करतात. याच हंगामात कधीतरी रॉड खरोखर वाकतो. गळ योग्य आकड्याचा, पाणी चढते, पाऊणपट बिनचूक, आणि वर आलेला जिताडा. फक्त महिना श्रावणाचा निघतो. घरात श्रावण कडक पाळतात, त्यामुळे जिताडा तिसऱ्या मजल्यावरच्या डिसूझांकडे जातो.