शेतकऱ्यासाठी राखीव

इंग्लंडात खेड्यातलं घर स्वस्तात मिळत असेल तर त्यात एकतर भूत असतं किंवा अट. भुताचं इथल्या लोकांना कौतुक, त्यामुळे भाव उलट वाढतो. अट मात्र भाव पाव ते एक तृतीयांशाने खाली आणते.

हेरफर्डशरमध्ये आम्हाला आवडलेल्या घराला अट होती. राहणारा याच परिसरात मुख्यत्वे शेतीत किंवा वनीकरणात काम करणारा हवा, निदान त्याने शेवटचं काम तरी तेच केलेलं हवं. त्याच्या पश्चात विधवा राहू शकते. बायकोने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "तू फक्त शेतकरी हो. पुढचं मी बघते."

1947 च्या नगररचना कायद्यापासून इथे मोकळ्या रानात घर बांधणं दुरापास्त झालं. अपरात्री गाय अडली तर माणूस जवळ हवा, म्हणून शेतकऱ्याला तेवढी सूट. पण त्याने ते घर उद्या लंडनच्या बँकवाल्याला विकलं तर? म्हणून ही अट. ती घराला चिकटते, मालक बदलले तरी सुटत नाही.

मी निर्धास्त होतो. साताऱ्याकडच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. त्या रानात मी आजवर हुरडा खाण्यापलीकडे काही केलेलं नाही, तरी महाराष्ट्र सरकारच्या लेखी मी शेतकरी. 1948 च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मला लागत नाही. दोन्ही कायदे पाठोपाठच्या वर्षांतले. आपल्याकडे उतारा बघतात, इथे हात बघतात. सॉलिसिटरबाईंनी माझे हात बघितले आणि सातारा हेरफर्डशरच्या परिसरात येत नाही, असं सौजन्याने सांगितलं.

"मग घोडा पाळू," बायको म्हणाली. घोडा रानात नुसता चरत असेल तर ती शेती. त्याला तबेल्यात ठेवून वैरण घातली, खोगीर चढवून फेरफटका मारला, की तो छंद. म्हणजे जनावर बिनकामाचं असेल तरच मालक कामाचा!

एक आडवाटही आहे. सलग दहा वर्षं अट मोडून राहा. तोवर स्थानिक काउन्सिलने कारवाई केली नाही, तर तीच काउन्सिल तसं राहणं कायदेशीर असल्याचं प्रमाणपत्र देते. पुरावा आपणच गोळा करायचा. 'यांनी दहा वर्षांत कुदळीला हात लावला नाही' असं शपथेवर सांगणारा शेजारी जोडायचा. माझ्याबाबतीत हे कुणीही सांगेल, पण राहायचं मात्र उघडपणे. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याने परवानगीविना चक्क किल्लेवजा घर बांधलं आणि बांधकामाची तेव्हाची चार वर्षांची मुदत भरेपर्यंत ते पेंढ्याच्या गठ्ठ्यांआड दडवलं. कोर्ट म्हणालं, गठ्ठे हटवेपर्यंत बांधकाम पूर्णच झालं नव्हतं, लपवलेली वर्षं मोजायची नाहीत. 2016 मध्ये ते पाडावं लागलं.

आमच्या बँकेला विनोदबुद्धी नव्हती. अट ऐकताच तिने कर्जाची फाइल मिटली. घर अखेर गायी विकून निवृत्त झालेल्या एका जोडप्याने घेतलं, रीतसर आणि स्वस्तात.

तुम्हालाही इकडे असं घर दिसलं, तर जाहिरात खालून वर वाचा. अट बहुधा शेवटच्या ओळीत, बारीक टायपात असते.