बुडालेल्या बँकेचा निष्ठावंत

अमेरिकेत जुन्या स्थानिक बँकांच्या नोटा जमवणाऱ्या माणसाला लोक पैशाचा लोभी समजतात. ही त्याची शुद्ध बदनामी आहे. पैशाचे म्हणून जे गुण जगाने मानले, ते सगळे या गृहस्थाच्या हिशेबी दोष ठरतात. नोट कुठेही चालावी असे जगाला वाटते. ही नोट गावची वेस ओलांडली की निम्म्या भावात जाई, याचे याला कौतुक. नोट काढणारी बँक भक्कम असावी असे जगाला वाटते. ती वर्षाच्या आत झोपली असेल तर याचे डोळे लकाकतात. नोटेने हातोहात फिरावे हा तिचा धर्म. याच्या मते छापखान्यातून निघून जी कोणाच्याही हाताला न लागता पेटीत पडून राहिली, तिच्या जन्माचे सार्थक झाले. लोभी माणसाचे अर्थशास्त्र निदान सरळ तरी असते. याचे उलटे आहे, आणि माझे म्हणणे असे की उलटे असूनही ते लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळच सुसंगत आहे.

हा गृहस्थ बहुधा ओहायो, आयोवा, पेनसिल्व्हेनिया अशा, जिथे एके काळी गावोगाव बँक होती त्या राज्यांतला. निवृत्त दंतवैद्य, शाळामास्तर, विमा कंपनीतला कारकून, असा काहीतरी त्याचा पूर्वाश्रम. खिशात भिंग असते, चालू चलनाची नोट मात्र क्वचितच. किराणा तो कार्डावर भरतो, कारण हल्लीच्या डॉलरबद्दल त्याला आस्था नाही. ‘आपण कुठले?’ हा प्रश्न तो जगात सर्वांत मनापासून विचारतो. आपण गावाचे नाव सांगावे, की त्या गावची नदी, चर्च, शाळा सगळे ओलांडून तो थेट मुद्द्यावर येतो: तिथली फर्स्ट नॅशनल बँक कधी बंद पडली, तिचा चार्टर नंबर किती, आणि तिथला कॅशियर सही करताना पेन किती दाबायचा. आपल्या आजोबांबद्दल आपल्याला नसेल एवढी माहिती त्याला आपल्या आजोबांच्या कॅशियरबद्दल असते.

हे प्रकरण समजायचे तर मागे जावे लागते. अँड्र्यू जॅक्सनने 1832 मध्ये दुसऱ्या ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची मुदत वाढवायला नकार दिला आणि 1836 मध्ये तिची केंद्र सरकारची सनद संपली. नोटा काढण्याचे काम राज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या बँका आधीपासून करत होत्याच; आता त्यांना आवरणारे वरचे कोणी उरले नाही. प्रत्येक बँकेची नोट वेगळी, चित्र वेगळे, कागद वेगळा. तीन डॉलरची नोट ही तेव्हा रोजच्या व्यवहारातली वस्तू होती. सव्वा डॉलरच्या नोटाही निघाल्या. चित्रांत गायी, आगगाड्या, जहाजे, धान्याची पेंढी घेतलेल्या ग्रीक देवता. न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस बँकेने तर नोटेवर सांताक्लॉज बसवला. नोट जितकी देखणी तितकी बँक विश्वासू, असा समज व्हावा हीच त्यामागची युक्ती, आणि ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ हा अनुभव देणाऱ्या बँकाही काही कमी नव्हत्या. ऱ्होड आयलंडमधल्या ग्लॉस्टरची फार्मर्स एक्स्चेंज बँक तर त्याआधीच, 1809 मध्ये बुडाली, तेव्हा लाखो डॉलरच्या नोटांसमोर तिजोरीत शंभर डॉलरचीही नाणी निघाली नाहीत.

पण खरा थाट मिशिगनचा. तिथे 1837 च्या कायद्याने बँक काढणे अतिशय सोपे झाले. अट अशी की तिजोरीत ठरावीक सोने-चांदी हवे आणि तपासनिसाने ते पाहायला हवे. मग तेच चांदीचे नाणे तपासनिसाच्या पुढे रातोरात गाडीत बसून पुढच्या बँकेत पोहोचू लागले. काही ठिकाणी खिळे आणि काचेचे तुकडे भरलेल्या पेट्यांवर नाण्यांचा वरवरचा थर मिळाला. दोन-तीन वर्षांत बहुतेक बँकांनी मान टाकली. त्यातली एक मिशिगन सरोवराच्या काठी सिंगापूर नावाच्या वसाहतीत होती. बँक आधी गेली, मग सभोवतालचे जंगल तोडले गेल्यावर वाळूच्या टेकड्या सरकत आल्या आणि खुद्द सिंगापूरच गाडले गेले. आज त्या ठिकाणाची सर्वांत सुस्थितीतली वस्तू म्हणजे तिथल्या बँकेची खोटी हमी देणारी नोट. घरे वाळूखाली, वचन मात्र प्लास्टिकच्या पाकिटात शाबूत! हे आमच्या गृहस्थाला हास्यास्पद वाटत नाही. त्याला ते योग्य वाटते.

आणि त्याचे तर्कशास्त्र इथे बिनतोड आहे. चांगल्या बँकेने काय केले? नोट परत आली की नाणी मोजून दिली आणि नोट रद्द करून टाकली. म्हणजे बँक जितकी सचोटीची, तितके तिचे पुरावे कमी. उलट जिने हात वर केले, तिच्या नोटा लोकांच्या घरी ट्रंकांतून, बायबलांतून राहिल्या, कारण त्या घेऊन जाणार कुठे? संग्राहकाच्या अल्बममध्ये अशा बुडीत बँकांची गर्दी दिसते ती त्याला लबाडांची आवड आहे म्हणून नव्हे. सज्जनांनी मागे काही ठेवलेच नाही, त्याला तो काय करणार? यावर जाणकार असा आक्षेप घेतील की त्या काळातल्या लबाड बँकांच्या गोष्टी फार फुगवलेल्या आहेत. आक्षेप खरा आहे. ह्यू रॉकऑफ यांनी 1970 च्या दशकात आणि नंतर आर्थर रोलनिक व वॉरन वेबर यांनी जुने हिशेब तपासून दाखवले की बहुतेक बँका फसवणुकीने नव्हे, तारण ठेवलेल्या राज्यांच्या रोख्यांचे भाव कोसळल्यामुळे गेल्या. शिवाय न्यू ऑर्लिन्सच्या कॅनॉल बँकेसारख्या चांगल्या बँकेचेही सही न झालेले, न कापलेले अख्खे ताव आजवर टिकून आहेत आणि ते तुलनेने स्वस्तात मिळतात. म्हणजे बुडणे ही टिकण्याची एकच वाट नाही, वापरात न येणे ही दुसरी. पण याने आमच्या गृहस्थाचे तत्त्व मोडत नाही, उलट पक्के होते: ज्या नोटेने आपले काम नीट केले, ती गेली.

खोट्या नोटांच्या बाबतीत तर हा माणूस भल्याभल्यांची मती गुंग करतो. त्या काळी बनावट नोटांचा इतका सुळसुळाट होता की यादवी युद्धाच्या सुमाराला चलनातला एक तृतीयांश भाग बनावट असावा, असा अंदाज नेहमी दिला जातो. दुकानदार गल्ल्याशेजारी ‘थॉम्प्सन्स बँक नोट रिपोर्टर’सारखी पत्रिका ठेवत आणि प्रत्येक नोट तिच्याशी ताडून घेत. सरकारची ‘सीक्रेट सर्व्हिस’ जन्मली ती 1865 मध्ये, राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक म्हणून नव्हे, याच धंद्याचा बंदोबस्त करण्यासाठी. एवढा उच्छाद मांडणाऱ्या त्या कागदांना आमच्या गृहस्थाने आदराने अल्बममध्ये बसवले आहे. जेम्स हॅक्सबी यांची 1988 ची चार खंडी सूची अस्सल नोटांबरोबर बनावट, किंमत वाढवलेल्या, बँकेचे नाव बदललेल्या आणि मुळात अस्तित्वातच नसलेल्या नमुन्याच्या अशा सगळ्या जाती शिस्तीत नोंदवते. काही बँकांची अस्सल नोट मिळत नाही, फक्त बनावट मिळते; मग ती बनावट नोट अस्सल आहे ना, याची तो भिंग लावून खात्री करतो. हे वाक्य त्याच्यासमोर म्हटले तर तो हसत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या ठकसेनाचे काम वेगळे आणि परवा छापलेली नक्कल वेगळी, हा फरक त्याला धर्मशास्त्राइतका पवित्र आहे. ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची 1840 ची हजार डॉलरची एक नोट आहे, पिवळट, कुरकुरीत, अनुक्रमांक 8894. कोणाच्याही पोटमाळ्यावर ती सापडो, क्रमांक तोच, कारण ती स्मरणवस्तू म्हणून ढिगांनी छापलेली नक्कल आहे. दारी आलेल्या आशाळभूत माणसाला हे सांगण्याचे काम या गृहस्थाला वारंवार करावे लागते आणि, खरे सांगायचे तर, ते तो थोड्या आनंदाने करतो.

पुढे केंद्र सरकारने 1863 मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा आणला आणि राज्यांच्या बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवून त्यांचा गळा आवळला. (साधारण त्याच सुमाराला, 1861 च्या कायद्याने, आपल्याकडे बँक ऑफ बॉम्बेचाही स्वतःच्या नोटा काढण्याचा हक्क गेला. मुंबईची नोट मात्र त्यामुळे गावोगावची झाली नाही, ती सरकारची झाली.) अमेरिकेत एक मजेदार तोड निघाली. नोटा वॉशिंग्टनच्या हमीवर, सरकारी रोख्यांच्या तारणावर. पण प्रत्येकीवर गावच्या बँकेचे नाव आणि पुढे चार्टर नंबर. पहिला नंबर फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा. 1935 मध्ये हा प्रकार थांबला तोवर नंबर चौदा हजारांपलीकडे गेले होते आणि बारा हजारांहून अधिक बँकांनी आपापल्या नोटा काढल्या होत्या. लहान गावांसाठी लागणारे भांडवल 1900 मध्ये पंचवीस हजार डॉलरवर आणले, तेव्हा तर जिथे धड फलाट नव्हता तिथेही नॅशनल बँक उभी राहिली. टूमस्टोन, डेडवूड असल्या पिस्तुलबाज गावांच्या नोटा आहेत, होनोलुलूची आहे. आता गंमत बघा: या नोटांना सरकारची हमी होती, म्हणजे बँक बुडाली तरी नोट बुडत नव्हती. मग आपल्या गृहस्थाचे उलटे अर्थशास्त्र कोलमडायला हवे. तसे होत नाही. तो बुडीतपणाऐवजी क्षुद्रपणावर येतो. शिकागोच्या मोठ्या बँकेची कोरी करकरीत नोट त्याला शंभरदा दाखवा, तो जांभई आवरतो. तीनशे वस्तीच्या गावातली मळकी, दुमडलेली, टाचणीने भोके पडलेली नोट काढा, तो खुर्ची पुढे ओढतो. त्या नोटा बँकेत अख्ख्या तावांत येत. तिथला अध्यक्ष आणि कॅशियर शाईने सह्या करत, मग कॅशियर कात्री घेऊन बसे. ती कात्री जिथे वाकडी गेली, तिथे या गृहस्थाला माणूस दिसतो. त्या कॅशियरच्या वरिष्ठांना तिथे निष्काळजीपणा दिसला असता.

आता मोठा आक्षेप. हे सगळे सोंग आहे, शेवटी भावच बघायचा असतो, असे म्हणणारे कमी नाहीत. पुरावाही आहे: नोटा सत्तर गुणांच्या मापाने जोखून प्लास्टिकमध्ये सीलबंद करून मिळतात आणि लिलावात मोठ्या रकमांना जातात. गुंतवणूक म्हणून नोटा घेणारा वर्ग आहेच, आणि आमचा गृहस्थ त्याला आपल्यात मोजत नाही. पण खऱ्या वेड्याला गुंतवणूकदार म्हणणे चूक आहे, आणि कारण साधे आहे. शेअरला बाजार लागतो. एखाद्या खेड्याच्या नोटेला दोन हट्टी म्हातारे लागतात. दोघांनाही त्याच जिल्ह्याच्या सगळ्या बँका पुऱ्या करायच्या असतील तर भाव गगनाला भिडतो. त्यातला एक वारला, की तोच भाव खाली बसतो, आणि उरलेला म्हातारा जिंकल्यावरही उदास होतो, कारण आता दाखवायला कोणी उरलेले नसते. ज्या मालाचे गिऱ्हाईक दोन, आणि दोघेही सत्तरीतले, त्यात पैसे गुंतवणारा माणूस लोभी नसतो. लोभी माणूस निदान हिशेबी असतो.

‘यातून निष्पन्न काय?’ असा दुसरा आक्षेप येतो, तो बहुधा घरातून. निष्पन्न बरेच आहे, पण ते बँकेत ठेवता येत नाही. लुई व्हॅन बेल्कम यांनी सरकारी दप्तरे चाळून कोणत्या बँकेने किती नोटा काढल्या याचे आकडे लावले; जॉन हिकमन आणि डीन ओक्स यांची 1982 ची सूची त्याच पायावर उभी आहे. आयोवात ओकोबोजीला विल्यम हिगिन्स यांनी 1978 मध्ये फक्त अशा नोटांचे संग्रहालय काढले. कित्येक लहान गावांच्या इतिहासात बँकेबद्दल अर्धीच ओळ असते. या लोकांनी त्या गावाचे अध्यक्ष, कॅशियर, दिवाळे, विलीनीकरण सगळे जुळवून ठेवले. या कामाला उपयोगी म्हणावे की नाही, हे घरच्यांनी ठरवावे.

दप्तरांमुळे एक घोर मात्र कायमचा मागे लागला. कोणत्या बँकेच्या किती डॉलरच्या नोटा अजून परत आल्या नाहीत, हे सरकारी नोंदींत लिहिलेले असते. हिशेबनीसाला तो आकडा म्हणजे जळालेले, बुडालेले, हरवलेले पैसे. आमच्या गृहस्थाला ती पत्त्याविना आलेली लग्नपत्रिका वाटते. एखाद्या बँकेची एकही नोट आजवर कोणी पाहिलेली नाही, पण काहीशे डॉलर बाहेर आहेत असे दप्तर म्हणते. मग ती कोणाच्या तरी बायबलात असणारच, अशी त्याची श्रद्धा. तीन ठाऊक असलेल्या नोटांपैकी एक त्याच्याकडे असेल तर मात्र श्रद्धा बदलते आणि चौथी न सापडण्याची तो मनोमन प्रार्थना करतो. परत आलेल्या नोटांचे काय झाले, हे त्याला चांगले ठाऊक आहे: वॉशिंग्टनमध्ये त्यांचा लगदा करत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या लगद्याच्या लिंकनच्या मूर्ती, टोप्या, बूट अशा वस्तू बनवून पर्यटकांना विकत. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असे, आत अंदाजे किती हजार डॉलरच्या नोटा आहेत ते सांगणारी. अशी एखादी करडी टोपी विक्रीला आली की तो नाक मुरडतो, हे नोटांचे स्मशान आहे म्हणतो, आणि मग विकत घेतो, कारण त्यात आपल्या तालुक्याच्या दोन-चार नोटा नसतीलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.