दोघांचं टेबल

श्रीनगरहून कन्याकुमारीला निघालेला माणूस पांढरकवड्यावरून जातो. राष्ट्रीय महामार्ग 44, म्हणजे आमच्या भागातला पूर्वीचा 7. देशातला सगळ्यात लांब रस्ता, 3,700 किलोमीटरहून जास्त. काश्मीरची सफरचंदं, पंजाबचे ड्रायव्हर, तमिळनाडूच्या लॉऱ्या, असा सगळा भारत आमच्याकडे जेवायला थांबतो. तरीही आमच्या गावात दोघांचं टेबल नाही. चौघांचं आहे, सहाचं आहे. ढाब्यावर बाज आहे, तिच्यावर मांडी घालून आठ जण मावतात. पण नवरा-बायको समोरासमोर बसले आणि उरलेल्या खुर्च्यांवर "सर, बसू काय इथं?" म्हणत कोणीच येऊन टेकलं नाही, हे दृश्य तालुक्याने अजून पाहिलेलं नाही. त्यातून मी शाळामास्तर. 'सर' म्हणणाऱ्याला नाही म्हणणं माझ्या पेशात बसत नाही.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मे महिन्यात आला. आमच्याकडे लग्नं मेमध्येच लागतात. कापसाचे पैसे तोवर हातात आलेले असतात आणि शाळांना सुट्ट्या असतात. शिक्षा नंतर जन्मभर 45 अंशांत भोगायची. हिने जाहीर केलं, "यंदा चांगल्या ठिकाणी जाचं. मेणबत्ती लावते न, तसल्या."

गावात 'फॅमिली रूम'ची सोय आहे, नाही असं नाही. प्लायवूडची भिंत, कधीकाळी निळा असलेला पडदा आणि एक कूलर. कूलर चालू असला की बोललेलं ऐकू येत नाही, बंद केला की बोलायची इच्छा राहत नाही. पडद्यापलीकडे बार असतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे तिकडची तहानही हद्द ओलांडून इकडेच येते. पडद्याआडून एखादा माजी विद्यार्थी गहिवरून "सर, तुम्ही मारलं म्हणून आज..." असं सुरू करणार, हे ठरलेलं. ते वाक्य आजवर कोणी पूर्ण केलेलं नाही.

सल्ल्यासाठी मी हायवेवरच्या टायरवाल्याकडे गेलो. यात हसण्यासारखं काही नाही. उंची उपाहारगृहांना तारे वाटणारं जगातलं सगळ्यात वजनदार पुस्तक, मिशेलिन गाईड, 1900 साली फ्रान्समधल्या एका टायर कंपनीनेच काढलं. लोकांनी मोटारी फिरवाव्यात, म्हणजे टायर झिजतील, हा त्यातला उदात्त हेतू. पुढे तारे आले. तीन तारे म्हणजे तेवढ्यासाठी मुद्दाम प्रवास करावा असं ठिकाण. तेव्हा परंपरेला धरून मी योग्य माणसाकडेच गेलो होतो.

"सर, बाईले न्याचं आहे न? मंग ट्रक थांबते तिथं नोका जाऊ," तो नटा आवळत म्हणाला. "तिथं जेवण चांगलं भेटते, पण बाया रागावते."

"आणि कार थांबते तिथं?"

"जेवून आलेला माणूस पाहा. बाहेर येऊन त्यानं टायरले लाथ मारली, तं समजा बिल जास्त आलं."

इतकी नेमकी समीक्षा मी वर्तमानपत्रांत वाचलेली नाही.

दिशा तीन होत्या. यवतमाळ जवळ, पण तिथे हिचं माहेर. वाढदिवसाला जावयाने हॉटेलात जेवणं म्हणजे सासऱ्यांच्या स्वयंपाकघराचा जाहीर अपमान. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तिथे बिर्याणी उत्तम, पण वाढदिवस नेमका गुरुवारी, आणि हिचा गुरुवार कडक. उरलं नागपूर. दीडशे किलोमीटर म्हटल्यावर मी पेट्रोलचा भाव काढला.

तेव्हा हिने वाघ काढला. आमच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर 2019 च्या जूनमध्ये रेडिओ कॉलरसह निघाला. तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो डिसेंबरात थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे 1,300 किलोमीटर चालला. वन खात्याचा अंदाज असा की जागेच्या आणि जोडीदाराच्या शोधात. "त्याच्याकडं तं मारुतीबी नव्हती," ही म्हणाली. ज्ञानगंगेत त्याच्यासाठी एकही वाघीण नव्हती, हा मुद्दा माझ्याकडे होता. मी तो गिळला आणि टेबल राखून ठेवलं. त्यांच्याकडे फक्त रात्री नऊचं शिल्लक होतं.

वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. वाटेत दारोड्याला टोल, बोरखेडीला टोल. जामला ही म्हणाली, "एक एक चहा घेऊ." मी म्हणालो, "भूक मरेल." हा संवाद लक्षात ठेवा.

हॉटेल वर्धा रोडच्या बाजूलाच होतं. नाव सांगत नाही, पुन्हा जायची वेळ आली तर अडचण नको. टेबल मात्र खरोखर दोघांचं. इतकं छोटं की दोन ताटल्या ठेवल्यावर कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न पडावा. मध्ये मेणबत्ती. वर एसीचा झोत. मेणबत्ती विझे, वाढपी येऊन लावी, पुन्हा विझे. शेवटी त्याने बॅटरीवर चालणारी मेणबत्ती आणून ठेवली. ती लुकलुकत होती, पण वारा आला नाही तरी लुकलुकत होती.

मेन्यूकार्डावर चक्क पातोडी होती. 'विदर्भ पातोडी, तीन नग.' पाचशेला थोडे कमी. आमच्याकडे पातोडीचा रस्सा पातेल्यात मोजतात. दोघांत तीन पातोड्या देणाऱ्याने संसार केलेला नसावा. तिसरी कोणाची? "तुम्ही घ्या." "नाही, तू घे." पंचवीस वर्षांत इतक्या हळुवारपणे आम्ही बोललो नव्हतो. हे चाललेलं असताना वाढप्याने, आमचं झालं समजून, बशी उचलून नेली.

तो परत आला तेव्हा हिने वऱ्हाडातला अटळ प्रश्न विचारला. "कोणत्या गावचा रे बापू?" निघाला मारेगावचा. आमचा शेजारचाच तालुका. वय, पगार, शेती, भावंडं, सगळं पुढच्या दहा मिनिटांत बाहेर आलं. बहिणीचं लग्न झालं, याचं व्हायचं होतं. हिच्या मावसबहिणीची पुतणी घाटंजीला. रोमँटिक रात्र फळाला आली ती त्याची. आम्ही फक्त बिल भरलं.

बिलात जीएसटी 18 टक्के. मी व्याकरणाचा मास्तर, तरी गणित तपासलं. साध्या उपाहारगृहात 5 टक्के लागतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या वरणावरसुद्धा 18. खोली आम्ही पाहिलीसुद्धा नव्हती. सेवाशुल्क वेगळं लावलेलं होतं, ते मात्र हिने काढायला लावलं. ग्राहकाला न विचारता ते बिलात घालायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलेलं आहे. हिला हे बचत गटाच्या बैठकीत कळलं होतं. व्यवस्थापकाला बहुधा अशी बैठक मिळाली नसावी.

बाहेर आल्यावर मी टायरला लाथ मारली.

तालुक्याच्या गावावरून अशा रात्रीला निघणाऱ्यांनी नऊचं टेबल घेऊ नये, सातचं मागावं. आधी फोन करून खोलीचं भाडं विचारावं. एसीखालची जागा नको म्हणून सांगावं. आणि जाम आलं की चहा घ्यावा, सोबत पोहेही घ्यावेत.