साक्षर अंगठा

आंबा खाण्यापेक्षा आंब्याची आढी लावण्यातच ज्यांना अधिक गोडी वाटते, अशी काही माणसे असतात. आगगाडीचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असते आणि ते पाठ झाल्यावर प्रवासाचे प्रयोजनच त्यांच्या लेखी उरत नाही. आमच्या दौंडच्या आळीतील भाऊसाहेब हे या पंथाचे महंत. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून ते सन्मानाने निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत हार्मोनियम, दुर्बीण व टंकलेखनयंत्र ही तीन प्रकरणे त्यांनी ओळीने हातावेगळी केली. म्हणजे गाणे कोणास ऐकविले नाही, तारा कोणास दाखविला नाही, पत्र कोणास लिहिले नाही, परंतु तिन्ही यंत्रे खिळान्‌खिळा उघडून, तेलपाणी करून, एकही स्क्रू शिल्लक न ठेवता पुन्हा बसविली.

गेल्या दिवाळीत मिशिगनहून आलेल्या पुतण्याने त्यांच्या हाती मासेमारीचे बेटकास्टिंग रीळ ठेविले, आणि चौथे प्रकरण दाखल झाले. वास्तविक भाऊसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, माळकरी; घरात मासा येणे तर दूरच, त्याचा नामोच्चारही एकादशीला वर्ज्य. परंतु मासा या वस्तूशी आपला काही संबंध येईल ही शंकाच भाऊसाहेबांना शिवली नव्हती. त्यांना मोह पडला तो यंत्राचा. अमेरिकेत असले रीळ प्रथम घडविणारा जॉर्ज स्नायडर हा केंटकीतील पॅरिस नावाच्या गावचा घड्याळजी होता, दोर सर्वत्र सारखा गुंडाळला जावा म्हणून डावीउजवीकडे सरकणाऱ्या वाहकाचे पेटंट १८९७ साली मिशिगनमधील कॅलमझूच्या विल्यम शेक्सपिअर याने घेतले (हा निराळा, नाटकांशी याचा संबंध नाही, असे भाऊसाहेब प्रत्येक वेळी बजावीत), आणि स्वीडनमधील आबू कारखान्याचे नाव ज्या शब्दांवरून पडले त्यांचा अर्थच मुळी घड्याळाचा कारखाना. इतकी घड्याळे एका वस्तूच्या वंशावळीत सापडल्यावर, जो गृहस्थ तीस वर्षे हजेरीपटावर दहा वाजून एक मिनिटाने आलेल्यांपुढे लाल खूण करीत आला, त्याचे हृदय वितळले नसते तरच नवल.

आता या रिळाची मेख सांगितली पाहिजे. साध्या गळाच्या रिळात फिरकी जागच्या जागी राहते आणि दोर तिच्यावरून सुटत जातो; यात मात्र फिरकी स्वतःच गरगर फिरून दोर सोडते. फेकलेले शिसे हवेच्या विरोधाने मंदावते, पण फिरकीला ती वार्ता कोणी कळवीत नाही. ती पूर्वीच्याच आवेशात दोर सोडीत राहते, आणि पुढे जाण्यास वाट नसलेला तो दोर वेटोळ्यांवर वेटोळी घालून जागीच फुगतो. वरिष्ठ कार्यालयाचे काम थंडावल्यावरही खालून अहवालांचा ओघ सुरूच राहावा, तशातला प्रकार. यावर उपाय एकच : फिरकीवर अंगठा ठेवावा, तो भार न देता टेकवावा, आणि शिसे पाण्याला लागते त्या क्षणी दाबावा. हे ज्याला साधले त्याचा अंगठा शिकलेला आहे, असे अमेरिकेतील मासेमार म्हणतात.

या वाक्याने भाऊसाहेब गंभीर झाले. आयुष्यभर त्यांनी लोकांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर उमटवून घेतले होते आणि पुढे स्वहस्ते ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिले होते. अंगठा हे अक्षरशत्रूचे लक्षण, अशी त्यांची पक्की समजूत. आणि आता वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचाच अंगठा अंगठाबहाद्दर ठरत होता!

शाळेच्या मैदानावर रोज सायंकाळी साडेपाचला साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. वीस पावलांवर एक घमेले, हाती काठी, आणि दोराच्या टोकाला गळ नसलेले पंधरा ग्रॅमचे शिसे. पहिल्या दिवशी मी साक्षीला होतो. भाऊसाहेबांनी कळ दाबली, अंगठा टेकविला, आणि गोफणीने पाखरे हाकावीत तसा हात झटकला. ‘खर्रर्र’ असा आवाज झाला, शिसे हवेत अडखळून सहा पावलांवर आपटले, आणि रिळातून दोराचा एक पुंजका असा वर आला की वहिनी सकाळी फणीतून काढतात त्या गुंतवळाची आठवण व्हावी. तो त्यांनी घरी नेला, भिंगातून पाहिला, सुईने एकेक वेटोळे उचलून पाहिले आणि रात्री नऊला कात्रीने छाटला. “केसांच्या गुंतवळावर निदान सुया तरी मिळतात,” वहिनी म्हणाल्या, “याच्यावर काय मिळायचं, अहो?”

पण माणूस खचणारा नव्हता. त्यांनी नोंदवही आखली : दिनांक, वारा, ब्रेकचा अंक, अंतर पावलांत, आणि शेवटी शेरा. शिसे सोडताच संथपणे उतरावे आणि जमिनीला टेकताक्षणी फिरकी थांबावी, इतकाच ताण बाजूच्या गुंडीने ठेवावयाचा, हे त्यांनी शोधून काढले. लोहचुंबकाचा ब्रेक त्यांनी दहावर ठेवून आरंभ केला आणि खात्यात बढती द्यावी तसा दर पंधरवड्याला एकेका अंकाने सैल केला. गुंता खोल जाऊ नये म्हणून फेकीपुरता दोर बाहेर काढून उरलेल्यावर चिकटपट्टी लावण्याची युक्ती त्यांना विशेष मानवली. तिला ते ‘सील’ म्हणत, आणि सील मोडताना मला पंच म्हणून बोलावीत. ‘झटका नको, झोका हवा’ हा शेरा मार्गशीर्षात आला. माघात शिसे घमेल्यात ठण्णकन वाजले, त्या दिवशी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ तहकूब करून टाळ्या दिल्या.

चैत्रात मी त्यांना जवळजवळ ओढूनच भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर नेले. स्थानिक मच्छीमारांची अनुमती त्यांनी दोन प्रतींत अर्ज देऊन घेतली होती. दोराला या वेळी मरळीसाठी रबरी बेडूक बांधला होता. पहिली फेक सुरेख गेली. दुसरीच्या वेळी समोरून वारा आला, बेडूक लव्हाळ्याच्या कडेला पडला आणि फिरकीवर पुन्हा गुंतवळ फुगले. भाऊसाहेब दगडावर बसले, चष्मा कपाळावर सरकविला आणि नखाने एकेक फास सोडवू लागले. बेडूक पाण्यावर निश्चल तरंगत राहिला. पाव तास गेला असेल. एकाएकी पाणी फुटल्याचा आवाज झाला, बेडूक दिसेनासा झाला आणि दोर ताडकन ताणला गेला.

“भाऊसाहेब, मरळ! ओढा!”

“अहो, थांबा, हा फास जरा...” ते म्हणाले, पण मासा थांबला नाही. त्याच्या ओढीसरशी ती सगळी वेटोळी एकामागून एक सुटत गेली, फिरकी स्वच्छ झाली, आणि क्षणभराने तोंडातून बेडूक झटकून मरळ पसार झाली. मी कपाळाला हात लावला. भाऊसाहेब मात्र रिळाकडे पाहत होते, आणि मुद्रेवर जुने थकलेले प्रकरण मार्गी लागल्याचे समाधान होते. त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली, वारा आणि ब्रेकचा अंक लिहिला, अंतराच्या रकान्यात रेघ ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात नोंद केली : ‘गुंता निकाली. इसम : मासा.’