पहिलं टिंब कुठून आलं?

एमएस्सी आयटीच्या नेटवर्किंगचं कुठलंही जर्नल उघडा. पॅकेट ट्रेसरमध्ये जोडलेले दोन राउटर, एकावरून दुसऱ्याला मारलेला पिंग आणि खाली निकालाची ओळ: एक टिंब, पुढे चार उद्गारचिन्हं. सक्सेस रेट ८० टक्के. पुढच्या रोल नंबरच्या जर्नलात तेच टिंब, त्याच्या पुढच्याच्यातही तेच. अख्खा वर्ग ऐंशी टक्क्यांवर आणि उरलेले वीस कुठे गेले, हे एकानंही विचारलेलं नाही.

उत्तर दोन मिनिटांचं आहे. पहिलं पॅकेट निघालं तेव्हा पलीकडच्या यंत्राचा मॅक पत्ता राउटरला ठाऊक नव्हता. त्यानं एआरपीनं पत्ता विचारला आणि हातातलं पॅकेट टाकून दिलं. उत्तर आलं, मग पुढची चार पोचली. लगेच पुन्हा पिंग मारा, पाचही उद्गारचिन्हं येतात. चलाख मुलं नेमकं हेच करतात: दुसऱ्यांदा पिंग मारतात आणि शंभर टक्क्यांचा स्क्रीनशॉट चिकटवतात.

शिकण्यासारखं जे होतं, तेच पान जर्नलातून गेलं.

पदव्युत्तर म्हणजे दोन वर्षं, चार सेमिस्टर. ओएसआयचे सात थर पदवीला पाठ झाले, आता पुन्हा पाठ. आयएसओनं ते मॉडेल १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलेलं होतं आणि पुढे सगळं जग त्याच वाटेनं गेलं. थर जरूर शिकवा, बिघाड खालून वर शोधत जायची शिस्त त्यातूनच येते. पण ‘प्रेझेंटेशन लेअरची कार्ये सांगा’ हा प्रश्न पदव्युत्तर परीक्षेत काढणाऱ्यानं शेवटचा बिघाड स्वतः कधी शोधला होता?

संध्याकाळी हीच मुलं ठाण्यात, दादरला, पुण्यात सीसीएनए सर्टिफिकेटच्या क्लासला बसतात. दिवसा पदवीची फी, रात्री क्लासची फी. दोन्हीकडे सबनेटिंगच. फरक इतकाच की क्लासमध्ये चुकलं तर सर पुन्हा करायला लावतात.

मग शहाणे सांगतात, पदवी सोडा, सर्टिफिकेट घ्या. हे मला अजिबात पटत नाही. सर्टिफिकेट एका कंपनीच्या यंत्रावर कोणती कमांड कुठे द्यायची ते शिकवतं आणि तीन वर्षांनी त्याची मुदत संपते. पदवीचं काम त्याच्या पुढचं आहे. हे असं का चालतं आणि चालायचं थांबलं तर का थांबतं, हे तिनं शिकवायचं असतं.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून शेजारच्या विद्यापीठात जाणाऱ्या डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. यंत्रं धड, तारा धड. व्हॅन जेकबसननं ‘का’ विचारलं आणि १९८८ मध्ये त्याचं उत्तर शोधनिबंध म्हणून आलं. गर्दी दिसली की पाठवणाऱ्यानं स्वतःहून वेग आवरायचा, ही टीसीपीची शिस्त तिथून आली. आज तुमच्या फोनवरचा व्हिडिओ त्या शिस्तीवर चालतो. आमच्याकडे तो विषय ‘स्लो स्टार्ट: टीप लिहा’ म्हणून येतो. पाच गुण.

आता नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काय होतं ते बघू. चालू ऑफिसात दोन स्विचमधल्या ट्रंकवर नवा व्हीलॅन ३० घालायचा आहे. कमांड आहे ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’. घाईत ‘अ‍ॅड’ राहिलं. त्या क्षणापासून ट्रंकवरून फक्त व्हीलॅन ३० जातो. अकाउंट्स बंद, फोन बंद, कॅमेरे बंद. स्विच हूं की चूं करत नाही, कारण व्याकरणात कमांड बिनचूक आहे. आणि तुम्ही ज्या वाटेनं त्या स्विचवर लॉगिन झालात ती वाटही त्याच ट्रंकवरून जात असेल तर? गाडी काढा आणि कन्सोल केबल घेऊन निघा.

म्हणून मुरलेली माणसं दूरच्या राउटरला हात लावण्याआधी ‘रिलोड इन १०’ देऊन ठेवतात. बदल बरोबर झाला तर ते रद्द करायचं. हात तोडून बसलात तर दहा मिनिटांनी राउटर आपणहून बंद होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर उठतो. एका ओळीची ही सवय माणसाची नोकरी वाचवते.

कुठल्या सेमिस्टरला आहे ती?

नेटवर्क शिकायचं तर ते मोडताना बघायला हवं, आणि मोडलेल्या नेटवर्कच्या कहाण्या जगात लिहून ठेवलेल्या आहेत. २००२ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या नामांकित रुग्णालयाचं नेटवर्क कोलमडलं. वर्षानुवर्षं स्विचमागे स्विच जोडत वाढलेलं जाळं स्पॅनिंग ट्रीला, म्हणजे स्विचमधली वेटोळी अडवणाऱ्या प्रोटोकॉलला, झेपेल त्यापलीकडे गेलं होतं. ट्रॅफिक वाढला, वेटोळी तयार झाली आणि तीच पॅकेट्स गोल गोल फिरत राहिली. तपासणीचे रिपोर्ट संगणकात, औषधांच्या ऑर्डर संगणकात. सगळं रुग्णालय काही दिवस कागदावर आलं, चिठ्ठ्या घेऊन माणसं धावू लागली. तिथले मुख्य माहिती अधिकारी जॉन हलाम्का यांनी हे झाकलं नाही, जाहीरपणे सांगितलं. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री का घडवली आणि तिची मर्यादा काय, हे कळायला या एका घटनेइतका चांगला धडा नाही.

आमच्या पुस्तकात रूट ब्रिज निवडीचे चार नियम आहेत. रुग्ण नाहीत.

दुसरी घटना, २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा हुकूम निघाला. पाकिस्तान टेलिकॉमनं देशापुरता एक खोटा मार्ग तयार केला, तो बाहेर निसटला आणि तिला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीनं न तपासता जगाला सांगितला. यूट्यूबचा स्वतःचा मार्ग स्लॅश २२ चा, हा स्लॅश २४ चा. राउटर जास्त नेमका पत्ता निवडतो, हा त्याचा धर्म. जगभरचे प्रेक्षक इस्लामाबादच्या वाटेला लागले आणि तासाभराहून अधिक काळ यूट्यूब गायब. ‘लाँगेस्ट प्रिफिक्स मॅच म्हणजे काय’ हे दोन गुणांसाठी घोकणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगा. नियम जन्मात विसरणार नाही.

तिसरी तर सगळ्यांच्या खिशातली. ४ ऑक्टोबर २०२१, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सहा तासांच्या आसपास बंद. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडनं कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. अशी कमांड अडवणाऱ्या प्रोग्राममध्येच बग होता. डीएनएस सर्व्हरना डेटा सेंटर दिसेना, तेव्हा नेमून दिल्याप्रमाणे त्यांनी आपले बीजीपी मार्ग मागे घेतले. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर. शेवटी माणसं पाठवावी लागली, आणि कडक सुरक्षेतून आत शिरून यंत्रापर्यंत पोचण्यातच वेळ गेला. कंपनीनं दुसऱ्या दिवशी हे सगळं सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं.

वर्षभरात, ८ जुलै २०२२ ला, कॅनडात रॉजर्स कंपनीचं नेटवर्क बसलं. राउटरवरचा फिल्टर काढला गेला, मार्गांचा पूर आला आणि मधले मोठे राउटर आडवे झाले. एक कोटीहून जास्त ग्राहक अंधारात, आणीबाणीचा ९११ क्रमांकही अनेकांना लागेना. आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे स्वतःचे फोन? त्याच नेटवर्कवर. म्हणजे नऊ महिन्यांपूर्वीचा अहवाल सगळ्यांनी वाचला, आपल्या घरात बघितलं कोणीच नाही.

एका सेमिस्टरला असे चार अहवाल वाचायला द्या आणि परीक्षेत एकच प्रश्न विचारा: तुम्ही त्या रात्री ड्युटीवर असतात तर सर्वांत आधी काय तपासलं असतंत? गाइडमध्ये याचं उत्तर मिळत नाही. म्हणूनच हा प्रश्न येत नाही.

‘लॅबला बजेट नाही’ हे मी फार वेळा ऐकलं. जेरेमी ग्रॉसमन नावाच्या माणसानं स्वतःच्या सीसीएनपीच्या अभ्यासासाठी जीएनएस-थ्री हे संगणकावरच नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर बनवलं आणि जगाला फुकट दिलं. एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर फुकट, लिनक्स फुकट. कॉलेजातल्या जुन्या पीसीवर बीजीपी बोलणारे चार राउटर आरामात उभे राहतात आणि यूट्यूबची ती घटना अर्ध्या तासात पुन्हा घडवता येते. लॅमिंग्टन रोडवरून एखादा जुना मॅनेज्ड स्विच आणा, स्पॅनिंग ट्री बंद करा, एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच्या दोन पोर्टांत खुपसा आणि एक लॅपटॉप जोडा. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे फडफडायला लागतात. इथरनेटच्या फ्रेमला टीटीएल नसतं, तिला मरण नाही, हे मुलाला आता कोणी समजावायला नको.

सगळा दोष मास्तरांच्या माथी मारू नका. बहुतेक ठिकाणी हा विषय शिकवणारा तासिका तत्त्वावर असतो. त्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, लॅब उभी करण्यात घालवलेल्या शनिवारचे मिळत नाहीत. ज्याची पुढच्या जूनची नेमणूक पक्की नाही, त्यानं पाच वर्षं टिकणारी लॅब कशाच्या भरवशावर बांधायची? सी-डॅकचा आयटी पायाभूत सुविधा आणि सुरक्षेचा पीजी डिप्लोमा सहा महिन्यांत दिवसभर थिअरी आणि लॅब करून घेतो. दोन वर्षांच्या पदवीला वेळ पुरत नाही म्हणे.

घरच्यांची वेगळीच काळजी. ‘नेटवर्किंग म्हणजे केबल ओढायचं काम ना?’ आणि आता त्यावर नवी भर: एआय आलंय, नेटवर्किंगला स्कोप नाही. अहो, ते एआय राहतं कुठे? हजारो जीपीयू एकमेकांना जोडून एक मॉडेल शिकवतात. त्यातली एक लिंक मंदावली की बाकीचे महागडे प्रोसेसर तिची वाट बघत बसतात. ऐरोली, रबाळे, महापे इथे कारखान्यांच्या जागी डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. आत रात्रपाळीला कोण बसतं, असं वाटतं?

स्कोप आहे. तयारी आहे का, हा प्रश्न.

आणखी एक गोष्ट मला खरोखर खुपते. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आयपीव्ही-सिक्स घेऊनच बाजारात उतरलं आणि आज आयपीव्ही-सिक्सच्या वापरात भारत जगात पहिल्या रांगेत आहे. भाजीवालीच्या हातातला फोन आयपीव्ही-सिक्सवर क्यूआर कोडचे पैसे घेतो. पत्त्यांचा जुना साठा तर २०११ मध्येच आटला: फेब्रुवारीत जागतिक कोठार रिकामं, एप्रिलमध्ये आशियाचं. आणि आमच्या जर्नलात दहापैकी नऊ प्रॅक्टिकल १९२.१६८.१.० वर. जगात पुढे असलेल्या देशाचा पदव्युत्तर विद्यार्थी व्हायवाला ‘आयपीव्ही-सिक्स भविष्यात येईल’ असं सांगतो, आणि एक्स्टर्नल मान डोलावतात.

मग येतो प्रोजेक्ट. चेहरा ओळखून हजेरी, चॅटबॉट, पुन्हा चेहरा ओळखून हजेरी. नेटवर्कच्या विद्यार्थ्याला विषय शोधायला लांब जायला नको. कॉलेजचं वायफाय दुपारी एक वाजता का मरतं, हे मोजून दाखवा. अ‍ॅक्सेस पॉइंट कमी पडतात, चॅनेल एकमेकांवर चढलेत, की डीएचसीपीचे पत्ते संपतात? स्लॅश २४ च्या सबनेटमध्ये २५४ पत्ते, लीज आठ दिवसांची आणि दारातून रोज हजार फोन येतात. गणित पाटीवर सुटतं, पुरावा वायरशार्कमध्ये मिळतो, दुरुस्ती आठवड्यात होते. अशा प्रोजेक्टच्या आठ पानांवर मुलाखत घेणारा अर्धा तास बोलेल. हजेरीच्या चॅटबॉटवर अर्धं मिनिटही नाही.

त्यासाठी आधी कॉलेजचा कोअर स्विच डोळ्यांनी बघावा लागेल. दोन वर्षं त्याच इमारतीत काढून तो न बघताच पदवी घेऊन गेलेली कितीतरी मुलं मला भेटली आहेत. त्या खोलीला कुलूप असतं आणि चावी शिपायाकडे. नव्या बॅचनं पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा: सर्व्हर रूम बघायची आहे, सोबत नेटवर्कचा नकाशा हवा आहे. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. नकाशाच नाही असं उत्तर आलं तर पहिल्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट ठरला.