‘ड’ वर्गातलं टपाल

जुने मेल पुसणं हा पोरखेळ वाटत असेल, तर एकदा वेल्ह्याला आमच्या तात्यांकडे जा. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले तात्या. त्यांच्या जीमेलची फुकटातली 15 जीबी भरली आणि नवा मेल येईना. मी म्हटलं, “सगळे निवडा, डिलीट दाबा.” तलाठ्याच्या दप्तराला काडी लाव म्हणाल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

“वर्गवारी झाल्याशिवाय अभिलेख नष्ट होत नसतो.”

अ कायम, ब 30 वर्षं, क 10, ड एकच वर्ष. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980च्या दशकात कारकुनांच्या टेबलांना सहा गठ्ठ्यांची शिस्त लावली, त्या पिढीचे तात्या. जीमेलमध्ये लेबलांना रंग देता येतात हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की लाल, हिरवा, पिवळा, पांढरा असे चारही रुमाल त्यांनी चहा निवायच्या आत बांधून टाकले.

मी समजावलं, की मेल मोबाइलात नसतो, सर्व्हरवर असतो. आयमॅपवर जोडलेल्या मोबाइलवरून पुसला की पुण्यातल्या लॅपटॉपवरूनही जातो. म्हणून आधी गुगल टेकआउटवरून सगळ्याची प्रत हार्डडिस्कवर उतरवायची, ती उघडते का बघायचं, मगच 10 एमबीच्या वरचे बोजड मेल शोधून काढायचे. प्रत उतरवायला मात्र रेंज लागते, आणि तोरणा ढगात गेला की आमच्या ओसरीवरची रेंजही त्याच्यासोबत जाते.

दोन पावसांच्या मधे पुसायला बसलो. वीजबिलं ड वर्गात गेली. लेकाने अमेरिकेतून पाठवलेले बर्फाचे फोटो अ वर्गात. ज्या मेलमध्ये ‘ता. वेल्हे’ होतं, तो मात्र तात्या सोडेनात. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. उद्या एखाद्या खिडकीवर विचारलं, की हे वेल्ह्याचे तात्या आणि ते राजगडचे तात्या एकच कशावरून, तर पुरावा नको?

“पण तात्या, हे पंख्याच्या सेलचं पत्रक आहे.”

“पत्ता बघ. अरे, तोरण्यावर डागडुजी करताना धन सापडलं, त्यातून राजगड उभा राहिला म्हणतात. जुन्यात काय निघेल सांगता येतं?”

पुसलेला मेल ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो आणि मगच कायमचा जातो, हे ऐकून मात्र त्यांचा गुगलवर विश्वास बसला. “म्हणजे हरकतींची मुदत! कोणीतरी शिकलेला माणूस आहे तिथे.” ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, असं मी म्हटलं. मुदतीआधी नाही, म्हणाले.

आता रोज सकाळी मला त्यांचा मेल येतो. विषय : नष्ट करावयाच्या मेलांची यादी. सोबत पानापानाचे फोटो. काल फोन करून विचारलं, ही यादी तरी वाचून झाल्यावर पुसू ना?

“खुळा की काय? नष्ट केलेल्याची यादी अ वर्गात जाते.”